तुम्ही विचारलेत म्हणून: सिद्ध केलेल्या प्रोग्रामवर पहारा कशाला?

"प्रोग्राम निर्दोष असल्याची गणिती सिद्धता तुम्ही देता, मग तो चालू असताना त्याच्यावर नजर ठेवणारा मॉनिटर आणखी कशाला मागता?" हा प्रश्न मला दर बैठकीत विचारला जातो, आणि दोहोंपैकी एका कामाचे पैसे मी उगाच घेतो असा सूर त्यामागे बहुधा असतो.

रेल्वे फाटकाच्या कंट्रोलरचे एक काम आमच्याकडे होते. फाटक पूर्ण बंद असल्याखेरीज सिग्नल हिरवा होणार नाही, हे आम्ही मॉडेलच्या, म्हणजे कंट्रोलरच्या गणिती प्रतिकृतीच्या, प्रत्येक संभाव्य अवस्थेसाठी सिद्ध केले होते, आणि ती सिद्धता आजही बरोबर आहे. चाचणीत मात्र मॉनिटरने इशारा दिला: सिग्नल हिरवा आहे, आणि मॉनिटरला थेट जोडलेल्या वेगळ्या स्विचनुसार दांडा अर्धवट वर आहे. प्रकल्पप्रमुखांनी लॉग न उघडताच निकाल दिला, "सिद्धता तुमचीच आहे ना साहेब? मग इशारा खोटा." ग्राहकासमोरच्या प्रात्यक्षिकात मॉनिटर बंद ठेवायचे ठरले. माझ्याच सिद्धतेला माझ्याविरुद्ध साक्षीला उभे केलेले मी मुकाट्याने पाहिले, आणि तो सल अजून गेलेला नाही. पुढे लॉगमधून उलगडले ते असे: वीज क्षणभर गेली की कम्युनिकेशन कार्ड रीस्टार्ट होई आणि मेमरीत उरलेली 'फाटक बंद' ही जुनी नोंद नवा टाइमस्टॅम्प लावून पुढे पाठवी. मिळालेल्या माहितीवर कंट्रोलर नियमाप्रमाणेच वागला होता. सेन्सरची नोंद ताजी असते, हे आमचे गृहीतक कागदावर स्पष्ट लिहिलेले होते आणि त्याखाली त्याच प्रमुखांची सही होती. कार्ड बदलले गेले. इशारा खरा होता, याची नोंद मात्र कोणत्याही इतिवृत्तात नाही.

यावरून सिद्धता फुकट असते असे कोणी म्हणू नये. पॅरिस मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका १९९८पासून चालकाविना धावते, आणि तिचे सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअर बी-पद्धतीने, म्हणजे टप्प्याटप्प्याने गणिती सिद्धता देत प्रोग्राम रचण्याच्या रीतीने, सिद्ध करूनच लिहिलेले आहे. २०१७ साली संशोधकांनी सिद्ध केलेल्या तीन वितरित प्रणाली (अनेक संगणकांनी मिळून चालवायच्या) तपासल्या, तेव्हा १६ दोष सापडले. पण सिद्ध केलेल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे त्या संगणकांच्या आपसांतल्या व्यवहाराच्या नियमांत, त्यांपैकी एकही नव्हता. ते होते गृहीतकांत, प्रणालीने काय करावे हे सांगणाऱ्या स्पेसिफिकेशनमध्ये आणि पडताळणीच्या साधनांत.

सिद्धता झाली की पहारा म्हणजे अविश्वास, असे मी स्वतःच एके काळी हिरिरीने मांडत असे. त्या माणसाला मी आजही पुरता खोडून काढू शकत नाही, कारण मॉनिटर फक्त घडून गेलेल्याबद्दल बोलतो, आणि 'विनंतीला कधी ना कधी उत्तर मिळेलच' यासारखा नियम मोडला असे तो कोणत्याही क्षणी ठामपणे सांगू शकत नाही; उत्तर पुढच्या क्षणीही येऊ शकते. शिवाय इशाऱ्यानंतर काय करायचे? रेल्वेत सिग्नल लाल करता येतो. उडत्या विमानाला जागच्या जागी थांबवता येत नाही, म्हणून तिथे सूत्रे एखाद्या साध्या, पर्यायी कंट्रोलरकडे सोपवावीत असा एक मार्ग सुचवला जातो, आणि मग त्या कंट्रोलरच्या सिद्धतेसाठी वेळ आणि पैसा मागायला मी पुन्हा तुमच्याच बैठकीत येतो.