तर्रीची बाटली घेऊन चोपडा ते रावेर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांची रजा टाकून माहेरी जाऊन आले. पुण्यात मी कीडनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. गेली काही वर्षं आर्क्टिकमधल्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या, सील या समुद्री प्राण्याच्या चरबीवरचे अहवाल नेमानं वाचते. त्या चरबीत कीडनाशकांची जी नावं निघतात, त्यांतली बरीचशी मी लहानपणी चोपड्याकडच्या आमच्या घरात ऐकलेली आहेत: बीएचसी, डीडीटी, एंडोसल्फान. ज्या गावांतून ती नावं ऐकली तिथेच जाऊन, ती औषधं सीलपर्यंत कशी पोचली ही गोष्ट सांगावी, हे किती दिवस मनात होतं. चार शाळा, दोन गावातल्या बैठका आणि शेवटी हतनूर धरण असा दौरा झाला. असं काही करायची इच्छा अजून कुणाची असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली की सकाळी जळगाव. तिथून चोपड्याची एसटी विदगावच्या पुलावरून तापी ओलांडते. पुढे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सातपुड्याच्या कडेकडेनं चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा जातो. या एकाच रस्त्यावर सगळं बसवता येतं. डिसेंबरात पहाटे चांगली थंडी पडते, शाल-स्वेटर हवाच. मे महिन्यात हा दौरा करायचा विचारही करू नये, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि शाळाही बंद असतात. शाळांना महिनाभर आधी फोन करा आणि संमेलनाची तारीख विचारून घ्या. मी विचारली नव्हती. एका शाळेत नाचाची तालीम सुरू होती, मला वीस मिनिटं मिळाली, आणि त्यांतली पहिली दहा प्रोजेक्टरची वायर शोधण्यात गेली. त्यानंतर मी प्रोजेक्टर काढलाच नाही. दोन मोठे छापील फोटो आणि एक काचेची बाटली, एवढ्यावर पुढचा सगळा दौरा झाला.

फोटो आधी दाखवायचा, शब्द नंतर. ‘सील’ म्हटलं की मुलांना औषधाच्या बाटलीचं सील नाहीतर ऑफिसचा शिक्का आठवतो. फोटो पाहिला की सगळे म्हणतात, मासा. तो मासा नाही, तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला अंगावर पाजतो, हे सुरुवातीलाच पक्कं करून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट दुधावर येऊन थांबते.

आता बाटली. पळीभर शेंगदाणा तेल कोमट करून त्यात लाल तिखट घालायचं, दहा मिनिटांनी गाळून घ्यायचं. वर्गात बाटली अर्धी पाण्यानं भरायची, वर हे लाल तेल ओतायचं, बूच लावून एका मुलाला जोरात हलवायला सांगायचं. क्षणभर सगळं गढूळ होतं. मग बाटली टेबलावर ठेवायची आणि काही बोलायचं नाही. बारीक बारीक लाल थेंब वर चढू लागतात, एकमेकांना चिकटतात, दोन-तीन मिनिटांत वर लाल थर आणि खाली पाणी. चोपड्याजवळच्या शाळेत सातवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, “मॅडम, ही तर शेवभाजीची तर्री!” बरोबर. तिखटाचा रंग पाण्यात राहत नाही, तेलात जातो. बीएचसी आणि डीडीटीचंही तसंच. समुद्राच्या पाण्यात ती इतकी कमी असतात की मोजायला मुश्कील, पण शेवाळातून बारीक जिवांत, तिथून माशांत आणि माशांतून सीलच्या चरबीत जाताना प्रत्येक पायरीला वाढत जातात. सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, थंडीवरचा तो त्याचा उपाय. हाच थर सगळं धरून ठेवतो.

संध्याकाळी आमच्या भाऊबंदांत बैठक झाली. जिभाऊंच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं, बायका आतल्या दारापाशी. मोठी माय, वय ऐंशीच्या पुढे, शांतपणे सगळं ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, “हाई आठेनं तठे कसं गयं व माय?” (हे इथलं तिकडे कसं गेलं गं?) दौऱ्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. बर्फाच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला की बाहेरून त्याला पाणी सुटतं, त्याचं उदाहरण देऊन मी सांगितलं. आपल्याकडच्या उन्हात ही औषधं जमिनीवरून हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंड जागा आली की खाली बसतात. पुन्हा ऊन, पुन्हा उडणं. असं टप्प्याटप्प्यानं ती ध्रुवाकडे सरकतात, आणि तिथल्या थंडीत फार हळू विरतात. १९६६ साली अंटार्क्टिकातले पेंग्विन आणि एक क्रॅबईटर सील यांच्या अंगात डीडीटी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तिथे ना शेत, ना हिवतापाचा डास.

मोठ्या मायला डीडीटीवाले चांगले आठवत होते. भांडीकुंडी अंगणात काढायची, मग ते भिंतींवर फवारून दारावर तारीख टाकून जायचे. बीएचसीची पावडर तर जिभाऊंनी उघड्या हातानं धुरळली होती. त्या पावडरीत किडा मारणारा भाग जेमतेम दहा-पंधरा टक्के असायचा, बाकीचे अल्फा, बीटा वगैरे तिचेच प्रकार नुसतेच सोबत जायचे, हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. शेतीत डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये. एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं.

इथे एक सूचना, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याला आरोपी करू नका. कृषी सेवा केंद्रात जे मिळालं, सरकारनं जे चालू दिलं, ते त्यानं वापरलं, आणि पहिला त्रास त्याच्याच अंगाला झाला. मी बोलायला सुरुवात तिथूनच केली, म्हणून माणसं मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे एक काका माळ्यावरून गंजलेला डबा घेऊनच आले. झाकण थोडं हललं आणि तो कुबट वास तीस वर्षांनी माझ्या नाकात आला. असा डबा कुणी आणला तर उघडू नका, विहिरीत, नाल्यात किंवा खड्ड्यात टाकू देऊ नका, जाळू तर मुळीच नका. आहे तसा बंद ठेवून, मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब, कुलूपबंद जागी ठेवायला सांगा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयाला लेखी कळवा.

यावलच्या बाजूच्या शाळेत मोठी मुलं होती, तिथे तपासणी कशी होते यावर वेळ दिला. कॅनडाच्या उत्तरेला तिथले मूळ रहिवासी इनुइट लोक रिंग्ड सीलची शिकार खाण्यासाठीच करतात. शिकारीतलाच थोडा भाग ते नमुना म्हणून देतात: चरबीचा तुकडा, यकृत, एक दात. चरबीतून कीडनाशकं आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी कळते, यकृतातून पारा, दातावरून वय. “दातावरून?” म्हणून एक मुलगा हसला. मागे बसलेल्या शिपाईदादांनीच त्याला सांगितलं की बैलाचं वय दुसऱ्या कशावरून बघतात. फरक इतकाच की सीलचा दात कापून झाडाच्या खोडासारखी वलयं मोजतात. वय लागतंच, कारण नराच्या अंगात ही रसायनं वर्षागणिक चढत जातात आणि मादीच्या अंगातली दुधावाटे उतरतात. चरबीची जाडीही लिहून घेतात. उपासात सील रोडावला की चरबी कमी होते, पण विष तेवढंच राहतं आणि रक्तात उतरतं.

हूडेड सीलची मादी पिल्लाला फक्त चार दिवस पाजते. त्या दुधात साठ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. चार दिवसांत पिल्लू जवळपास दुप्पट होतं, आणि आईच्या अंगात साठलेलं त्याला पहिल्या घोटापासून मिळतं. हे सांगताना बैठकीत बायका एकदम शांत होतात. १९८० च्या दशकात कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या उत्तरेकडच्या इनुइट आयांच्या दुधात दक्षिणेकडच्या आयांपेक्षा सुमारे पाचपट पीसीबी निघाली होती, हे मी पहिल्या बैठकीत तसंच सांगून टाकलं. कडेवर तान्हं असलेली एक मुलगी निघताना हळूच म्हणाली, “ताई, मग मी पाजू का नको?” माझं चुकलं होतं. पुढे प्रत्येक ठिकाणी मी आकड्याच्या आधी सांगितलं की अंगावरचं दूध बंद करायचं नाही, त्याचे फायदे कितीतरी मोठे आहेत, आणि तिकडच्या डॉक्टरांनीही आयांना हेच सांगितलं. तुम्हीही हा क्रम सोडू नका.

आरोग्यावर काय परिणाम होतो, यावर जपून बोला. ठोस पुरावा ध्रुवापेक्षा खालच्या समुद्रांतून आला आहे. नेदरलँड्समध्ये हार्बर सीलच्या बारा-बारा माद्यांचे दोन गट करून एकाला वाडन समुद्रातले दूषित मासे आणि दुसऱ्याला अटलांटिकचे मासे दिले. दूषित मासे खाणाऱ्या गटात पिल्लं कमी झाली, हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. १९८८ मध्ये साथीच्या विषाणूनं उत्तर युरोपात सुमारे अठरा हजार सील मेले. नंतरच्या प्रयोगात दूषित बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे खाणाऱ्या सीलची प्रतिकारशक्ती उतरलेली आढळली. आर्क्टिकच्या सीलमध्ये प्रमाण बहुधा बाल्टिकपेक्षा कमी असतं, म्हणून तिथे हार्मोन आणि जीवनसत्त्व अ यांच्यातले बारीक बदल शोधावे लागतात. “सील मरतायत” असं सरसकट सांगणं खोटं ठरेल.

सावदा-रावेर पट्ट्यात संध्याकाळी केळीच्या ट्रकांची रांग लागते, सकाळीच निघा. इथली बोली लेवा, चोपड्याकडची अहिराणी वेगळी. पुण्याची पुस्तकी मराठी बाजूला ठेवली की बरं. आठवडी बाजाराच्या दिवशी बैठक लावू नका. रावेरजवळ एका मळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी समोर आली आणि तिथे दोन तासांचे चार तास झाले. केळीवाल्या तरुणांचा प्रश्न रोखठोक होता: बंद करून फरक पडला का? पडला. चीननं बीएचसी १९८३ मध्ये थांबवली, आपण नव्वदच्या दशकात. आर्क्टिकच्या हवेतला तिचा अल्फा भाग त्याच काळात घसरत गेलेला नोंदींत दिसतो. बीटा मात्र चिवट आहे, तो समुद्राच्या पाण्याबरोबर संथपणे जातो आणि सीलच्या चरबीतून उशिरा उतरतो. जिभाऊंच्या हातून जे उडालं ते तिथे मोजलं गेलं, आणि हात थांबला तेही मोजलं गेलं. मला गावोगाव फिरून सांगायचं होतं ते एवढंच. तरुणांनी लगेच क्लोरपायरीफॉस या कीडनाशकाचं विचारलं. तेही आर्क्टिकपर्यंत पोचलेलं आहे, आणि २०२५ मध्ये काही सवलती ठेवून स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे अशा चिवट रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदीयादीत आलं. एकानं तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी पहाटे भुसावळहून हतनूरच्या पाणलोटावर गेले. वाहन ठरवूनच जा, कारण पहाटे एसटीचा भरवसा नाही. दुर्बीण, पाणी, चिखलात चालतील असे बूट. धुकं विरल्यावर चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या, पलीकडे थापट्या बदकांचा मोठा थवा चोचीनं पाणी चाळत होता. उत्तरेतून आलेले हे पक्षी इथलं पाणी पितात, इथले किडे खातात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत निघतात. सोबत आलेल्या दोन मुलींनी बाटली आणली होती. काठावर बसून त्यांनी ती एकदा हलवली आणि लाल थेंब वर येईपर्यंत दोघी बघत राहिल्या. पुढच्या वर्षी जानेवारीत यावल आणि रावेर तालुक्यांतल्या उरलेल्या शाळा करायच्या आहेत. लाल तेल दरवेळी ताजं करावं लागतं, जुन्याला वास येतो.