काट मारलेला लाल रंग

फॉर्म चुकीचा भरला की खाली लाल अक्षरांत सूचना यायची. त्या दिवशी ती राखाडी येत होती. संध्याकाळी रिलीज होतं. पाच मिनिटांचं काम समजून मी इन्स्पेक्ट (ब्राउझरमधलं, पानाची आतली रचना दाखवणारं साधन) उघडलं आणि दोन तास तिथेच अडकले.

सूचना ज्या डिव्हमध्ये, म्हणजे पानावरच्या चौकटीत होती, त्याला 'एरर' क्लास (नियम लावण्यासाठी दिलेलं नाव) होता आणि त्याच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, कलर रेड. डिव्ह निवडला तर स्टाइल्समध्ये लाल रंग धडधाकट, त्यावर 'लागू नाही' सांगणारी कसलीही रेघ नाही. (खाली फॉन्टच्या एका ओळीवर काट होती; हरली असेल कुणापुढे तरी, म्हणून सोडून दिली.) पडद्यावर मात्र राखाडीच. मग आतल्या पी टॅगवर, म्हणजे परिच्छेदावर, क्लिक केलं. तिथे 'इनहेरिटेड फ्रॉम' (वारशाने आलेलं) या भागात तीच लाल ओळ, आडवी रेघ मारलेली.

अशी रेघ दिसली की हात आपोआप इम्पॉर्टंटकडे, म्हणजे नियमाला सक्तीने वर काढणाऱ्या शिक्क्याकडे, जातो. लावलं. रेघ तशीच. क्लासऐवजी आयडी (एकाच घटकाचं खास नाव) घेतला, कारण एक आयडी कितीही क्लासेसना भारी पडतो. रेघ तशीच. शेजारचा ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, ब्राउझरचाच बग असेल." खरं सांगते, मलाही तसंच वाटू लागलं होतं.

शेवटी, प्रत्यक्षात काय लागू झालं ते दाखवणारा कॉम्प्युटेड टॅब आठवला. त्यात 'कलर'शेजारचा छोटा त्रिकोण उघडला की त्या रंगासाठी भांडलेले सगळे नियम दिसतात. जिंकलेला सर्वांत वर, हरलेल्यांवर काट, बाजूला फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक. वर बसला होता रीसेट फाइलमधला, म्हणजे सगळ्या साइटला एकसारखी सुरुवात देणाऱ्या फाइलमधला, साधा 'पी' नियम. ना क्लास, ना आयडी, ना इम्पॉर्टंट.

मग ट्यूब पेटली. स्पेसिफिसिटी, म्हणजे कोणता नियम किती भारी, हे तोललं जातं ते एकाच एलिमेंटला (पानावरच्या घटकाला) थेट लागणाऱ्या नियमांमध्ये. माझा नियम पीला लागतच नव्हता. तो डिव्हचा, पीकडे नुसता वारशाने येणारा. आणि वारसा मिळतो तो स्वतःचं काही नसेल तरच. पीकडे स्वतःचा राखाडी रंग होता, मग बापाच्या लाल रंगावर इम्पॉर्टंटचे कितीही शिक्के मारा. दोन तास मी अशा तराजूत वजनं टाकत होते, ज्यात माझा माल ठेवलेलाच नव्हता.

रीसेटला हात लावणं म्हणजे सगळ्या साइटचे परिच्छेद हलवणं, म्हणून 'एरर'च्या आतल्या पीसाठी वेगळा नियम लिहिला. आयडी काढला, इम्पॉर्टंटही काढलं. सूचना लाल झाली.

उरली ती फॉन्टची काट. आता नीट पाहिलं तर शेजारी पिवळा त्रिकोण होता. ती ओळ कुणापुढे हरलीच नव्हती. कुणीतरी 'वेट'चं स्पेलिंग चुकवलं होतं आणि ब्राउझरने ती न समजून टाकून दिली होती. दुरुस्त केली. अक्षरं ठळक झाली, मोबाइलवर सूचना दोन ओळींत मोडली, आणि रिलीजच्या तासभर आधी टेस्टरने माझ्या नावावर नवं तिकीट टाकलं.