आमची वाटचाल : कसब्यातल्या कर्ण्यापासून गावच्या मैफलीपर्यंत

वडिलांचा कसबा पेठेत लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. दोन कर्णे, आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, वायरींची वेटोळी आणि एक हातगाडी. मी आणि धाकटा भाऊ धंद्यात आलो तेव्हा पुण्यात भिंतीएवढे स्पीकर लावायची चढाओढ लागली होती. आम्ही त्यात पडलो नाही. आईमुळे लहानपणापासून सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला बसलेलो, कानांना ती सवय. साउंड करायचा तर शास्त्रीय गाण्याचाच, हे ठरलेलं होतं.

सुरुवातीची वर्षं शहरातल्या सभागृहांत गेली. काम शिकलो, पण बिलांसाठी हेलपाटे फार. एका संस्थेने तर वर्षभर झुलवलं. तरी कलाकार आमचं नाव एकमेकांना सांगत राहिले आणि त्यावरच दुकान टिकलं.

गावाकडे वळलो ते औंधमुळे. पुण्यातलं नव्हे, साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातलं औंध. अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली तिथे संगीतोत्सव सुरू केला. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला तो भरतो. आम्ही नुसते श्रोते म्हणून गेलो होतो. परतीच्या गाडीत भाऊ म्हणाला, "दादा, हे आपल्या भोर-वेल्ह्यात का नाही होत?" त्या प्रश्नावर गावोगाव शास्त्रीय मैफली भरवायचा आमचा आजचा व्यवसाय उभा आहे.

खरं तर हे गाणं गावाला परकं कधी नव्हतंच. गायक सवाई गंधर्व कर्नाटकातल्या कुंदगोळचे. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. तंबोरे मिरजेत घडतात आणि त्यांचे भोपळे पंढरपूरकडच्या शेतांत पिकतात. आमच्या मावळात, मुळशीत गावोगाव भजनी मंडळ आहे, आणि त्यातल्या माणसांना भूप, मालकंस, भैरवी हे राग चालींमधून पाठ आहेत. गावाला कान आहेत. कमी पडते ती व्यवस्था, हे माझं ठाम मत आहे.

व्यवस्था म्हणजे काय ते सांगतो. गावात मोठी जागा म्हणजे देवळाचा सभामंडप. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब नाहीतर पत्रा. टाळी वाजवली तर ती घुमत राहते. अशा जागी दोन मोठे स्पीकर पुढे ठेवून आवाज चढवला की द्रुत तानेचा, म्हणजे वेगात घेतलेल्या सुरांचा, नुसता गोळा होतो आणि लोक म्हणतात, शास्त्रीय आपल्याला कळत नाही. कळणार कसं? तान त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते. म्हणून आम्ही लहान स्पीकर जास्त लावतो आणि आवाज बेताचा ठेवतो. मागच्या भिंतीला घोंगड्या टांगतो, फरशीवर जाड सतरंज्या टाकतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून सतरा मीटर मागे असलेल्या स्पीकरला ५० मिलिसेकंदांचा उशीर द्यावा लागतो. नाही दिला तर मागे बसलेल्याला एकच बोल दोनदा ऐकू येतो.

विजेचंही तसंच. अर्थिंग धड नसलं की स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची भुणभुण येते आणि तंबोऱ्याच्या षड्जाशी, म्हणजे 'सा'शी, भांडत बसते. जनरेटर लांब ठेवला तरी गावच्या शांततेत ऐकू येतोच. बेताच्या आवाजाला वीजही बेताचीच लागते, म्हणून आता आम्ही सगळी मैफल बॅटऱ्यांवर चालवतो. गायकाला माईक वीतभर अंतरावर, तबल्याला वरून, आणि डग्ग्याचा आवाज कमी. लग्नाच्या साउंडमध्ये डग्गा छातीत बसायला लागतो. इथे तो ख्याल झाकून टाकतो.

वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या एका गावी विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा संथ ताल, चालू होता. पुढच्या रांगेत भजनी मंडळाचे पखवाजवाले आजोबा, डोक्याला मफलर, मांडीवर बोटं मोजत बसलेले. तालाच्या पहिल्या काही फेऱ्यांत त्यांची बोटं चुकत होती. मग ती सापडली, आणि समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, त्यांचा हात जमिनीवर असा पडला की तबलजीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मध्यंतरात ते थेट गायिकेसमोर जाऊन बसले. "ताई, समंच्या आदी जरा थांबता न्हवं, तितं जीव टांगनीला लागतो बगा." तिने उत्तरार्धात मालकंस घेतला तो त्यांच्यासाठी. पुण्यात इतकी वर्षं माईक लावतोय, पण अशी दाद मी क्वचित पाहिली आहे.

पैशाचं गणित सरळ ठेवलंय. गावात तिकीट लावत नाही. जेवण, जागा आणि कलाकारांची राहायची सोय गावाची, थोडी लोकवर्गणी. पुण्याहून बसने येणारे श्रोते पैसे भरून येतात, त्यांच्यावर मानधन आणि वाहतूक निघते. मानधन आम्ही बैठकीआधीच पाकिटात देतो, यात तडजोड नाही. शिकून तयार झालेली कितीतरी मुलं-मुली पुण्यात व्यासपीठाची वाट पाहत आहेत. त्यांनी फुकट का गावं?

पहाटेची बैठक हे आमचं सगळ्यात लाडकं काम. सवाईच्या मैफली पूर्वी रात्रभर चालायच्या आणि पहाटेचे राग पहाटेच कानावर पडायचे. आता रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, आणि शहरात ललत सकाळी दहाला सभागृहात ऐकावा लागतो. गावात साडेपाचला सगळे उठलेलेच असतात. एखाद्या जुन्या वाड्याच्या सोप्यात, माईक न लावता, साठ-सत्तर माणसांत ललत आणि मग तोडी. मध्येच कुणी उठून डेअरीला दूध घालून येतो आणि परत जागेवर बसतो. आमची पुण्याची मंडळी आता त्याला वाट करून देतात.

पावसाळ्यात आम्ही जात नाही. दमट हवेत तबल्याचा सूर उतरत राहतो आणि घाटातले रस्ते बेभरवशाचे असतात. हंगाम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. आता गावातली साउंडवाली पोरंच आमच्याकडे शिकायला येतात. भोरकडच्या दोघांनी मागच्या हिवाळ्यात आमच्याशिवाय एक बैठक नीट पार पाडली.

तुमच्या गावात करायची असेल तर तारीख सप्ताह आणि जत्रा सोडून धरा, आणि आधी आम्हाला जागा दाखवा. टाळी वाजवून बघायला आम्ही येतो. पाहणीचे पैसे घेत नाही.