अडीच मिलिमीटर

परवा दुपारी साताऱ्यात भुरभुर लागली होती, अजिंक्यतारा ढगांत दिसेनासा झाला होता आणि घरात बांधलेल्या दोरीवरचे कपडे वाळायचे नाव घेत नव्हते. तरीही हवामान खात्याच्या लेखी तो पावसाचा दिवस ठरेलच, याची खात्री नव्हती. सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत पर्जन्यमापकात किमान 2.5 मिलिमीटर पाणी जमले, तरच तो दिवस पावसाचा. त्याहून कमी पडले तर नोंद होते, पण दिवस हिशेबात धरत नाहीत. हे मला कधीच पटलेले नाही. हा नियम करणाऱ्यांना शाळेचे ओले मोजे चुलीच्या वैलाशी वाळवावे लागले नसावेत.

आजोळ माणमध्ये. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. तिथे चार थेंब पडले तरी आजोबा ओसरीवरून उठून अंगणात जाऊन उभे राहत, आणि ‘डोक्यावर काहीतरी घ्या’ म्हणून आजी आतून ओरडत असे. नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस हे ते पंचांगात पाहत, संध्याकाळी सांगली आकाशवाणीवर हवामानाचा अंदाज ऐकत, आणि दोहोंचा मान राखून पेरणी मात्र ओल वीतभर खाली गेल्याशिवाय करत नसत.

खरे तर हे खाते माणसारख्या मुलखासाठीच निघाले म्हणायचे. 1864 साली चक्रीवादळाने कलकत्त्याची दैना केली, 1866 आणि 1871 साली पावसाने दगा दिला, आणि 1875 साली सरकारने ते स्थापन केले. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांचा आडाखा असा, की हिमालयात बर्फ जास्त पडले की मान्सून कमी. आजोबांना तो नक्कीच आवडला असता. मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आले आणि पुढे दिल्लीला गेले. पुण्यातल्या कचेरीला ‘सिमला ऑफिस’ हे नाव तेवढे राहिले.

आजोबा पावसावर तासन्‌तास बोलत, पण 1972 चा विषय निघाला की उठून गोठ्याकडे जात. त्या वर्षी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, हे मला दोघेही गेल्यानंतर मामांकडून कळले.