तुम्ही विचारलंत म्हणून : कोणाच्या पोटातला पोटमथळा?

लेखांची मांडणी करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच : ‘लेख लांबलचक आहे. आत मथळे आहेत, त्यांच्या पोटात आणखी मथळे आहेत. सगळे सारखेच दिसतात. साइज किती ठेवू?’

साइजचा आकडा मी सगळ्यात शेवटी सांगते. तोवर अर्ध्या लोकांचा धीर सुटतो, पण त्याला इलाज नाही.

कारण हा आकडा मलाही एकदा नडलाय. एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेची मांडणी केली होती. मुख्य मथळा २४ पिक्सेल, त्याखालचा २१, त्याच्याही खालचा १८ आणि मजकूर १६. माझ्या मोठ्या स्क्रीनवर उतरंड झकास दिसत होती. त्यात ‘अपवाद’ नावाचा तिसऱ्या पातळीवरचा एक भाग होता, तोही फक्त साफसफाईच्या सूचनांपुरता. एकाने फोनवर वाचलं आणि तो अपवाद सगळ्या पुस्तिकेला लागू धरला. त्याचं काय चुकलं? त्याच्या स्क्रीनवर त्या क्षणी एकच मथळा होता. १८ हा २१पेक्षा लहान आहे हे कळायला २१ शेजारी नको का?

लांब लेखातली खरी गोम ही आहे. दोन पातळ्यांचे मथळे वाचणाऱ्यासमोर क्वचितच एकत्र येतात. जुळ्या भावांतला उंच कोण, हे दोघं शेजारी उभे राहिले तरच सांगता येतं. एकटा दारात आला तर गालावरचा तीळच कामाला येतो. प्रत्येक पातळीला तसा एक तीळ हवा.

माझे तीळ साधे आहेत. मोठ्या भागाच्या मथळ्यावर आडवी बारीक रेघ आणि भरपूर मोकळी जागा. त्याखालच्या पोटमथळ्याला रेघ नाही, नुसता ठळक टाइप. आणि त्याच्याही पोटातला असेल, तर त्याला वेगळी ओळच द्यायची नाही : परिच्छेदाच्या सुरुवातीला दोन-तीन ठळक शब्द, पूर्णविराम, की लगेच मजकूर सुरू. या तिघांत कोणी गल्लत केलेली मी अजून पाहिलेली नाही. रंग हवा तर वापरा, पण जोडीला. नुसत्या रंगावर पातळी टांगली, तर ज्यांना रंगांतला फरक दिसत नाही त्यांच्यासाठी ती नाहीच.

मोकळ्या जागेचं प्रकरण गमतीचं आहे. ब्राउझरवर सगळं सोपवलं, तर साधारणपणे दुसऱ्या पातळीचा मथळा मजकुराच्या दीडपट होतो, चौथ्या पातळीचा मजकुराएवढाच, आणि पाचवी-सहावी पातळी चक्क मजकुरापेक्षा बारीक! पण मथळ्याभोवतीची जागा त्याच्या स्वतःच्या आकाराच्या पटीत मोजली जाते आणि पट पातळीगणिक बदलते. १६ पिक्सेलच्या मजकुरात हिशोब करून बघा : दुसऱ्या पातळीला वर सुमारे २० पिक्सेल, तिसरीला १९, चौथीला २१ आणि सहावीला २५. म्हणजे सगळ्यात धाकट्याला सगळ्यात ऐसपैस जागा. शिवाय वर जेवढी तेवढीच खाली, त्यामुळे मथळा मधेच लोंबकळतो. वरच्या परिच्छेदाचा की खालच्या, कळत नाही. मी मोठ्या मथळ्यावर ५६ ठेवते आणि खाली १२. पोटमथळ्यावर ३२, खाली ८.

आता आपल्या लिपीचं. इंग्रजीतल्या मांडणीचे सल्ले जसेच्या तसे उचलले की इथे हमखास फसगत होते. तिकडे एक पातळी सगळी कॅपिटलमध्ये टाकली की काम झालं; देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? अक्षरांत अंतर वाढवून बघितलं, तर शिरोरेघ तुटते आणि ‘पार्श्वभूमी’चे तुकडे रेल्वेच्या डब्यांसारखे सुटे होतात. इटॅलिक बहुतेक देवनागरी फॉन्टांत नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो. बोल्डही तपासून घ्या. फॉन्टमध्ये खरं बोल्ड नसेल तर अक्षरं जबरदस्तीने जाड केली जातात आणि ‘क्ष’, ‘ष्ठ’ यांची पोटं बुजतात. मुक्ता या फॉन्टला ७ वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. मजकुराला ४०० आणि मथळ्याला ७०० घेतलं की फरक डोळ्यांत भरतो. ५०० घेतलं तर छपाईत शाई जास्त पडल्यासारखं वाटतं. आणि मथळा दोन ओळींचा झाला तर ओळींतलं अंतर आवळू नका. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर जाऊन बसतो. निदान १.३५ पट ठेवा.

एक मात्र करू नका : दिसायला बरा म्हणून भलत्याच पातळीचा टॅग, म्हणजे मथळा कितव्या पातळीचा हे ब्राउझरला सांगणारी खूण. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणारी माणसं कीबोर्डवरचे आकडे दाबून त्या त्या पातळीच्या मथळ्यांवर उड्या मारतात. त्यांना तुमची रेघ दिसत नाही, टॅग ऐकू येतो.

हां, साइज. मजकूर १६ असेल तर २०, २५ आणि ३१. दर पायरीला सव्वापट. फोनवर १९, २३, २८ पुरे, नाहीतर ‘व्यवस्थापनासंबंधी’सारखा एकच शब्द पूर्ण ओळ खातो.

परवा विचारणारीच्या लेखात पाच पातळ्या होत्या. तिला म्हटलं, नुसते मथळे एका कागदावर उतरवून काढ. पाचव्या पातळीवरच्या दोन मथळ्यांखाली प्रत्येकी एकच वाक्य निघालं. ते तिने स्वतःच खोडले, मग चौथी पातळीही गेली. आता तीनच उरल्यात, आणि ‘प्रास्ताविक’ असा मथळा मुळात हवाच कशाला, यावर आमचं अजून वाजतंय.