समुद्री माशांचं क्वारंटाइन : सोलापूरच्या उन्हाळ्यातले ७६ दिवस

मार्चअखेरीस धाकटा भाऊ मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आला, तेव्हा त्याच्या हातात थर्माकोलचा डबा होता. आत दोन पिशव्या होत्या. एकीत डोरी, म्हणजे निळी टँग, आणि दुसरीत पिवळाधमक फॉक्सफेस. रात्रभराच्या प्रवासानंतरही दोघं तरतरीत होते. क्वारंटाइनबद्दल मी वाचलेलं होतं, नाही असं नाही. पण इतके ठणठणीत मासे महिनाभर वेगळे कोंडून ठेवायला मन झालं नाही. मी त्यांना हॉलमधल्या मोठ्या टाकीत थेट सोडलं.

सहाव्या दिवशी डोरीच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. ती दगडाला अंग घासायला लागली. दोन दिवसांनी ठिपके गेले आणि मी सुटकेचा श्वास सोडला. आठवड्याच्या आतच ते परत आले, दुपटीने. या वेळी कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. १२ एप्रिलला डोरी गेली, दुसऱ्या दिवशी फॉक्सफेस. टाकीत आधीपासूनचे दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल तेवढे उरले.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला, ही माझी समजूत किती चुकीची होती ते नंतर कळलं. हा समुद्री इक, शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. हा परजीवी माशाच्या कातडीत शिरून तीन ते सात दिवस खातो, फुगतो आणि गळून पडतो. मग दगडाला, वाळूला, काचेला चिकटून भोवती कवच करतो. त्या कवचात विभागणी होत होत शेकडो पिल्लं तयार होतात. ती बाहेर पडून पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. माशाच्या अंगात असताना आणि कवचात असताना औषध त्याला शिवत नाही. घाव घालायचा तो पोहणाऱ्या पिल्लांवर.

म्हणून काम दोन टोकांनी करायचं होतं. मोठ्या टाकीत एकही मासा ठेवायचा नाही, म्हणजे तिथली पिल्लं उपाशी मरतील. कवचातून ७२ दिवसांनी पिल्लं बाहेर पडल्याची नोंद आहे, म्हणून जाणकार ७६ दिवस पाळतात. आणि उरलेले तिन्ही मासे, अंगावर एक ठिपका नसला तरी, वेगळ्या टाकीत औषधात ठेवायचे. ठिपका नसला तरी परजीवी कल्ल्यांत दडून बसू शकतो. मोठ्या टाकीतच औषध का घातलं नाही, असं बरेच जण विचारतात. हे औषध म्हणजे तांबं, कॉपर. त्याने गोगलगायी आणि शंखखेकडे मरतात आणि दगड-वाळू ते तांबं शोषून घेतात. तसं केलं असतं तर टाकी कायमची गेली असती.

१४ एप्रिलला रस्त्यावरून आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते आणि मी जाळी घेऊन तिघांना पकडत होते. सगळे दगड काढल्याशिवाय डॅमसेल हाती लागली नाही.

क्वारंटाइनची टाकी मागच्या खोलीत मांडली. दोन फुटी, पाणी मोजून ६० लिटर. तळाला वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो. स्पंज फिल्टर आधीपासून मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, पडलेला होता. त्यात माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया रुजलेले होते, पण रोगाचं कवचही असू शकतं, हे मला मान्य होतं, कारण तोही औषधाच्या पाण्यातच जाणार होता. जाळी, मग, नळी, सगळं वेगळं. एका टाकीत हात घातला की साबणाने धुऊन, पुसून, मगच दुसरीकडे.

तांब्याचं नाव काढल्यावर सांगोल्याचे मामा फोनवर म्हणाले, "अगं पोरी, मोरचूद लागतंय ना? किती पाहिजे सांग, पोतं पडलंय." त्यांची डाळिंबाची बाग आहे, तेल्या रोगासाठी चुन्यात मोरचूद कालवून बोर्डो फवारतात. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट, मामांचं काही चुकलं नव्हतं. पण शेतीच्या मोरचुदाची शुद्धता मला ठाऊक नव्हती, आणि साधं कॉपर सल्फेट खाऱ्या पाण्यात टिकत नाही, त्याची मात्राही फार बारीक सांभाळावी लागते. मी माशांसाठीचं चिलेटेड कॉपर, म्हणजे पाण्यात टिकावं म्हणून दुसऱ्या द्रव्याशी बांधलेलं तांबं, मागवलं. ते २ ते २.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) मध्ये ठेवायचं असतं. २ च्या खाली गेलं तर पिल्लं वाचतात, म्हणजे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. २.५ च्या वर गेलं तर मासे त्रासतात. मी तीन दिवसांत हळूहळू २.२ पर्यंत नेलं. तांबं मोजणारा डिजिटल चेकर महाग वाटला होता. रंग बघून मोजायच्या किटवर या कामात माझा भरवसा बसला नसता, म्हणून तो घेतलाच.

पहिला आठवडा अमोनियाशी, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणाऱ्या विषाशी, झगडण्यात गेला. पाचव्या दिवशी अमोनिया ०.५ वर. बाजारात अमोनिया बांधून ठेवणारी द्रव्यं मिळतात, पण त्यातली बरीच तांब्याबरोबर चालत नाहीत, तांबं एकदम विषारी होतं. मग एकच उपाय, पाणी बदलणं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आरओचं पाणी साठवून ठेवावं लागतं. त्यात समुद्री मीठ विरघळवायचं, आणि टाकीइतकंच तांबं त्या नव्या पाण्यात आधीच घालायचं, नाहीतर बदलाबरोबर मात्रा खाली येते. दहा दिवस रोज पंधरा लिटर. आरओच्या टाकाऊ पाण्याने फरशी पुसली, अंगण धुतलं.

आणि मग मे उजाडला. बाहेर ४२-४३ अंश, मागच्या खोलीत दुपारी ३८. माशांना २७ हवं. पाणी थंड करणारा चिलर एकच, तो मोठ्या टाकीला. इथे टेबलफॅन पाण्यावर रोखून लावला. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे हा उपाय मस्त लागू पडतो, पाणी तीन-चार अंशांनी उतरतं, आणि रात्री खिडकी उघडून ते आणखी खाली येतं. पण ते थंड होतं ते वाफ होऊन, आणि वाफ नुसत्या पाण्याची होते. मीठ आणि तांबं टाकीतच राहतं. हे मला वाचून ठाऊक होतं, पण त्याची किंमत कळली ती अठराव्या दिवशी.

नणंदेच्या मुलीचं लग्न लातूरला, तीन दिवसांचा मुक्काम. घरी सासूबाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अगं, पाणी खाली गेलंय, घालू का थोडं?" मी घाबरले. कोणता कॅन कशाचा हे मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं, चुकून खारं पाणी गेलं तर? म्हणून म्हणाले, "नको आई, राहू द्या, मी आल्यावर बघते."

परतले तेव्हा पाणी तीन बोटं खाली होतं. क्लाउनफिशची मादी वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पातळीशी तोंड टेकवून उभी, अंगाचा नारिंगी रंग मळकट झालेला. खारटपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२९, म्हणजे क्षार वाढलेले. तांबं २.५४. साठ लिटरांतले आठ लिटर उडाले होते. एकदम पाणी ओतलं तर क्षार झपाट्याने बदलतील, म्हणून साधं आरओ पाणी सलाइनच्या नळीतून थेंबथेंब सोडत बसले, पहाटेपर्यंत. सकाळी मादी खाली एल्बोत गेली, दुपारी तिने कोळंबीचा एक तुकडा घेतला, मग थुंकला, मग पुन्हा घेतला.

त्याच दिवशी माझ्या नेलपॉलिशची लाल बाटली काढून काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीला रेघ मारली. निळ्या झाकणाचा कॅन साध्या पाण्याचा, लाल झाकणाचा खाऱ्या. सासूबाईंना म्हटलं, "आई, पाणी रेघेच्या खाली दिसलं की निळ्यातलं घाला, रेघेपर्यंत." त्यानंतर सकाळ-संध्याकाळ त्याच घालायच्या, माझ्याहून काटेकोर. चष्मा लावून, खाली वाकून, रेघ डोळ्यांच्या समोर आणून. शेवटपर्यंत रोजचं रीडिंग २.१ ते २.३ च्या बाहेर गेलं नाही. क्वारंटाइन सोलापुरात करायचं असेल तर माझ्या मते औषधाइतकीच ही रेघ महत्त्वाची आहे. वीज गेली तर हवेसाठी बॅटरीवरचा पंप जवळ ठेवा, तो दोनदा कामी आला.

तीस दिवस भरल्यावर तांबं काढलं, पण डॅमसेल अजून अंग घासत होती. तिला पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवलं. आरओचं पाणी त्याच तापमानाचं, पीएच वाढवायला चिमूटभर खायचा सोडा, आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन टाकलेला. काळ्या टबाच्या तळाला बघता बघता तिळाच्या टरफलासारखे पांढरे पातळ कण साचले. ते फ्लूक, चपटे कृमी, तांब्याला न जुमानणारे. मग प्राझिक्वांटेल या कृमींवरच्या औषधाच्या दोन मात्रा, आठवड्याच्या अंतराने, कारण काही फ्लूकची अंडी पहिल्या मात्रेतून वाचतात. उरलेले दिवस नुसतं बघत बसण्याचे. ते मला सगळ्यांत लांब वाटले.

२९ जूनला ७६ दिवस भरले. तिघांना मोठ्या टाकीत सोडलं. डॅमसेल थेट तिच्या जुन्या फटीत शिरली. मादीने कोपऱ्यातला तोच दगड गाठला आणि नर तिच्या मागे.

मागची टाकी धुऊन गच्चीवर उन्हात तीन दिवस कोरडी केली. लाल रेघ पुसली नाही. भाऊ पुढच्या महिन्यात पुन्हा डबा आणणार आहे, आणि निळ्या झाकणाचा कॅन सासूबाईंनी आधीच भरून ठेवलाय.