वळकटीतली उशी

मुंबईहून मुरूडला शिडाच्या नौकेने जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे जंजिरा, सुरमईचे जेवण आणि अरुंद बिछान्यावरची झोप असे दोन दिवस सुखात सरले आणि त्यांविषयी माझ्याकडे लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते फेब्रुवारीतल्या परतीच्या दुपारविषयी, आणि खरे तर एका शिडाविषयी.

कोर्लई ते खांदेरी बेट हे अंतर सरळ रेषेत ११ सागरी मैलांच्या आसपास आहे, पण ती रेषा जवळजवळ वायव्येलाच, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाते, आणि शिडाची नौका तशी सरळ जाऊ शकत नाही; तिला एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे नागमोडी जावे लागते. सकाळचा मतलई वारा दहाच्या सुमारास विरला आणि दुपारी खारा वारा असा भरून आला की, वाऱ्याचा वेग २० नॉटवर, म्हणजे तासाला २० सागरी मैलांवर गेला. नौका माझ्या मित्राची, ३२ फुटी आणि कुणीतरी वापरून विकलेली. त्याने मला पुढचे शीड, म्हणजे जिनोआ, थोडे गुंडाळायला सांगितले. हे शीड नौकेच्या पुढच्या टोकापासून डोलकाठीच्या माथ्याकडे गेलेल्या तारेभोवती दोर ओढून गुंडाळता येते. मी शिडाचा खालचा दोर, म्हणजे शीट, मोकळा सोडला आणि शीड गुंडाळणाऱ्या फिरकीचा, म्हणजे फर्लरचा, दोर भराभर ओढून आठ वेढे घेतले. काम चटकन झाले म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मग शिडाकडे पाहिले. वरचे आणि खालचे टोक तारेला घट्ट बिलगले होते, आणि मधला भाग मात्र धान्याने भरलेल्या पोत्यासारखा फुगला होता. शीड छोटे झाले होते, पण सपाट झाले नव्हते. नौका पुढे जाण्याऐवजी कलत होती आणि आडवी सरकत होती. वारा ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून येत असताना एका बाजूला आमचा रोख १० अंश, तर दुसऱ्या बाजूला २६० अंश येई. म्हणजे दोन्हींत ११० अंशांची फट; ती जितकी कमी, तितकी नौका वाऱ्याकडे पुढे सरकते. एकदा अलिबागच्या किनाऱ्याकडे, एकदा भर समुद्रात, आणि खांदेरी आपली तिथेच. १६७९ मध्ये याच पाण्यात मराठ्यांच्या होड्या इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर रसद नेत होत्या, हे त्या वेळी आठवणे फारसे सुखद नव्हते.

मित्राचे काका आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते. ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "अरे, मध्ये उशी घातल्याशिवाय वळकटी कधी घट्ट बसते का?"

मुद्दा नेमका तोच होता. शिडाचे पोट मध्यावर कापलेले असते, म्हणून तिथे कापड जास्त लागते. टोकांना मजबुतीसाठी कापडाचे थर शिवलेले असतात, शिवाय उन्हापासून राखणारी पट्टी खालच्या आणि मागच्या कडेला असते. त्यामुळे वेढा घेताना टोके जाड होऊन जास्त कापड खातात आणि मध्य कमी खातो. उरलेले सगळे कापड पोटात साठते. त्यात माझे सैल वेढे होतेच.

"काका, आता काय करायचे?"

"तू सुकाणू दे माझ्याकडे, आणि ह्यांना विंचवर बसव," असे ते मित्राला म्हणाले. 'ह्यांना' म्हणजे मला, आणि विंच म्हणजे दोर ओढायचा रहाट.

त्यांनी नौका वाऱ्याबरोबर वळवली, जेणेकरून मोठ्या शिडाच्या आडोशाने पुढच्या शिडावरचा ताण उतरला. कमावलेले मैलभर अंतर वाया गेले. जिनोआ पूर्ण उलगडून मित्राने शीड वर चढवणारा दोर, म्हणजे हॅलयार्ड, कसून ताणला, आणि मागची तार, बॅकस्टे, आवळून पुढच्या तारेची झोळ काढली. मग मी शीट विंचवर थोडी अडवून धरली आणि तो ताण सोडत सोडत पुन्हा आठ वेढे घेतले गेले. माझ्या तळहाताची कातडी निघाली. एवढे करूनही शिडाचा वरचा काठ फडफडत राहिला, कारण शीड गुंडाळल्यावर त्याचा कोपरा पुढे आणि वर सरकतो, आणि शीट जिच्यातून जाते ती कप्पी मात्र जुन्याच जागी, मागे राहिली होती. ती तिच्या पट्टीवर तीन भोके पुढे घेण्याचे काम मला दिले. ताणलेल्या बाजूची कप्पी हलवायची नाही, बाजू बदलण्याआधी मोकळ्या बाजूची हलवायची, हे मला ओरडून सांगावे लागले, हे कबूल करतो.

रोख ६ आणि २६४ अंशांवर आला. आठ अंश म्हणजे काय ते आम्हाला खांदेरीने दाखवले. दीपगृह अखेर उजव्या हाताला मागे जाऊ लागले.

पावसाळ्यात शीड उतरवून मित्राने त्याच्या पुढच्या कडेला फोमची पट्टी शिवून घेतली, मध्यावर जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळती. पहिल्या वेढ्यांतच मध्य जाड होतो आणि तिथले जास्तीचे कापड ओढून घेतो. डिसेंबरात त्याच जागी तेवढ्याच वाऱ्यात आम्ही ३ आणि २६७ अंशांवर होतो, आणि आठ वेढ्यांचे ते शीड अगदी सपाट दिसत होते. संध्याकाळी वारा २५ नॉटच्या वर गेला, तेव्हा मित्राने आणखी पाच वेढे घेतले आणि पोट पुन्हा डोकावले. उशी पहिल्या काही वेढ्यांपुरतीच कामाची, पुढे छोटे जाड शीडच हवे, असे काका म्हणाले, आणि घरी पोहोचेपर्यंत ते त्या छोट्या शिडाच्या किमतीविषयी पुतण्याशी वाद घालत होते.